रेस दिली की आवाज कुठून येतो?

"रेस दिली की आवाज येतो." गॅरेजच्या दारात गाडी लावून मिस्त्रीला सांगितलं जाणारं हे वाक्य खरं असतं, पण त्यातून त्याला फारसं काही कळत नाही. कारण गाडीत जे काही ढिलं, फाटलेलं, झिजलेलं असेल, ते बहुतेक वेळा रेस दिल्यावरच बोलायला लागतं. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन जास्त हवा आणि जास्त इंधन ओढतं, सिलिंडरमधला दाब वाढतो, सायलेन्सरच्या नळीत वायू जोरात घुसतो, इंजिन आपल्या रबरी फाउंडेशनवर एका अंगाला कलतं, एक्सलला पीळ बसतो आणि टायर रस्त्याला ओढ देतो. हे सगळं एकाच वेळी होतं. म्हणून आवाज कधी येतो एवढं सांगून भागत नाही. तो यातल्या कशाबरोबर येतो, हे शोधावं लागतं.

हे शोधायला फार यंत्रं लागत नाहीत. कान, थोडा मोकळा रस्ता आणि क्रमानं जाण्याची तयारी एवढं पुरतं. पण क्रम चुकला तर खर्च वाढतो. आवाज चाकाच्या बेअरिंगचा असतो आणि बदलले जातात टायर. सायलेन्सरची एक पॅकिंग गेलेली असते आणि अख्खा सायलेन्सर नवा बसतो. आपल्या नगर जिल्ह्यात गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूध डेअरीला पोचवायला, कांदा बाजार समितीत न्यायला, शिर्डी-शिंगणापूरच्या भाविकांना फिरवायला, आजारी माणसाला रात्री-अपरात्री नगरला आणायला ती रोज लागते. अशा गाडीवर अंदाजानं पार्ट बदलत बसणं परवडत नाही.

रेस दिल्यावरचा आवाज हाच गाडीचा खरा आवाज, असं कायदाही मानतो. नवीन मॉडेल बाजारात येण्याआधी त्याची आवाजाची चाचणी होते ती गाडी उभी असताना नव्हे, पळताना. आयएस 3028 या भारतीय मानकाप्रमाणे साधारण 50 किलोमीटरच्या वेगानं गाडी चाचणीच्या पट्ट्यात आणायची, पट्टा सुरू झाला की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि 20 मीटरचा पट्टा संपेपर्यंत सोडायचा नाही. दोन्ही बाजूंना, मधल्या रेषेपासून साडेसात मीटरवर माइक लावलेले असतात. 2005 मध्ये लागू झालेल्या नियमांत नऊपर्यंत आसनं असलेल्या प्रवासी गाडीला 74 डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. अशा मान्यता-चाचण्या करण्याचा अधिकार देशात मोजक्याच संस्थांना आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126 क्रमांकाच्या नियमात त्यांची नावं दिली आहेत आणि त्यांत नगरचं व्हीआरडीई, म्हणजे संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे. नगरकरांना हे आवार माहीत असतं ते लष्करी गाड्यांमुळे. पण साध्या मोटारींच्या चाचण्याही तिथे होतात.

यातून आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की तुमची गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा रेस दिल्यावरही ती शांत होती. आज ती ओरडत असेल, तर मधल्या काळात काहीतरी बदललंय. ते सापडू शकतं. "जुनी झाली, आवाज करणारच" हे उत्तर मान्य करू नका.

आता मूळ प्रश्न. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो, की चाकाच्या फेऱ्यांबरोबर?

दोन्हींत किती अंतर आहे ते आकड्यांत पाहू. लहान मोटारीच्या टायरचा घेर साधारण 1.8 ते 1.9 मीटर असतो. ताशी 60 किलोमीटरच्या वेगाला ते चाक सेकंदाला नऊ-एक फेरे घेतं. त्याच वेळी तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला समजा 3000 फेऱ्यांवर असेल, तर ते झाले सेकंदाला 50. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला 100. तीन सिलिंडरच्या इंजिनात 75. आता वेग 60 वरच ठेवून तिसऱ्यातून चौथ्यात गेलात, तर चाकाचे फेरे तेवढेच राहतात, इंजिनाचे मात्र बरेच उतरतात. आवाजाची पट्टी त्याबरोबर उतरली तर तो इंजिनाच्या बाजूचा. जराही हलली नाही तर तो चाकाच्या बाजूचा. अख्ख्या तपासणीचा पाया हाच आहे.

करायचं असं. आधी गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये ठेवून रेस हळूहळू अडीच-तीन हजारांपर्यंत न्या आणि हळूहळू सोडा. एकदम भसकन रेस देऊ नका. खडखड नेमक्या ठरावीक फेऱ्यांवरच येते आणि घाईत ती निसटते. उभ्या गाडीत आवाज आला तर चाकं, बेअरिंग, एक्सल हे सगळं यादीतून बाहेर गेलं. नाही आला तर पहाटे रहदारी नसताना मोकळ्या, सरळ रस्त्यावर चला. नगर-मनमाड किंवा नगर-पुणे रस्त्यावर भर दुपारी हे करू नका. ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मधोमध कान आवाजाकडे आणि डोळे आरशाकडे, असं जमत नाही. काचा खाली करा, पंखा आणि गाणी बंद ठेवा, आणि शक्य असेल तर गाडी दुसऱ्याला चालवायला देऊन स्वतः आधी पुढे, मग मागे बसून ऐका. चालवणाऱ्यापेक्षा बसणाऱ्याला जास्त ऐकू येतं. 60 वर तिसरा आणि चौथा गिअर लावून पाहा. मग त्याच वेगात ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबा. इंजिन आयडलवर येईल, गाडी गडगडत राहील. आवाज तसाच चालू राहिला तर तो चाकाकडचा. एकदम गेला तर इंजिनाचा किंवा ओढीचा. चावी मात्र चालत्या गाडीत कधीही बंद करायची नाही. स्टीअरिंग जड होतं, ब्रेकची ताकद जाते. आणि हा प्रयोग घाटात उतरताना करायचा नाही.

तिसरी एक जात उरते. उभ्या गाडीत रेस दिली तर काही नाही, सपाटीवर हलक्या पायानं चालवली तरी काही नाही, पण चार माणसं बसवून चढ लागला की आवाज सुरू. म्हणजे त्याला नुसत्या फेऱ्या पुरत नाहीत, ओझं लागतं. यासाठी आपल्याकडे घाटांची कमी नाही. संभाजीनगर रस्त्यावरचा इमामपूर घाट, पाथर्डीकडे जाताना करंजी घाट, संगमनेरच्या अलीकडचा चंदनापुरी घाट. ज्याला जो जवळ पडेल तो. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये, जोरात न दामटता, आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो एवढं लक्षात ठेवा.

सर्वांत जास्त वेळा गुन्हेगार निघतो तो सायलेन्सरचा मार्ग, आणि त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. इंजिनाला चिकटलेला मॅनिफोल्ड, पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग इंजिनाचे हेलकावे सोसणारी जाळीची फ्लेक्सिबल नळी, मधली डबी आणि शेवटी मागचा सायलेन्सर, अशी ही साखळी असते. मागचा सायलेन्सर गंजून फुटला तर घर्र आवाज मागून येतो, तो ओळखायला सोपा. पुढचा मॅनिफोल्ड किंवा त्याची पॅकिंग फुटली तर आवाज फसवतो. थंड इंजिनाला, रेस दिल्यावर, पुढून बारीक टिकटिक किंवा चुकचुक ऐकू येते आणि लोक टॅपेट वाजतात म्हणून टॅपेट सेट करून घेतात. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, फट मिटते, आवाज कमी होतो, आणि काम झाल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

खरं-खोटं करायला इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात मॅनिफोल्डचा सांधा नीट पाहा. गळती असेल तिथे काजळीचा पट्टा दिसतो. फटीपाशी बारीक, कोरडा, अगदी काळा आणि बाहेरच्या अंगाला पसरत, फिका होत गेलेला. बोट फिरवलं तर तेलकट लागत नाही, कोरडी भुकटी लागते. आजूबाजूच्या लोखंडावर लाल गंज आणि मधेच हा काळा पंखा, असं दिसलं की शोध संपला. दिसलं नाही तर दुसरा उपाय: थंड इंजिन सुरू करून सोबत्याला मागच्या नळीच्या तोंडावर जाड, ओली फडकी क्षणभर दाबून धरायला सांगा. बंद मार्गात वायूला जागा मिळत नाही, तो फटीतून फुसफुसत बाहेर पडतो आणि जागा सांगतो. चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, आणि हे उघड्यावरच करायचं.

उघड्यावरच का, ते नीट समजून घ्या. पुढच्या बाजूच्या गळतीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो बॉनेटखालून एसीच्या वाटेनं गाडीत शिरू शकतो. आवाज सहन होतो म्हणून अशी गाडी काचा लावून, मुलं मागे झोपलेली असताना रात्रभर चालवणं धोक्याचं आहे. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी असं दोघा-तिघांना एकदम वाटलं तर गाडी थांबवून सगळ्यांनी बाहेर यायचं.

सायलेन्सर बाहेरून चांगला दिसत असताना आतून का सडतो, हाही प्रश्न लोक विचारतात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. गाडी रोज घरापासून दुकानापर्यंत दोन किलोमीटरच जात असेल, तर नळी पुरती तापतच नाही; वाफेचं आतच पाणी होतं आणि ते पत्रा आतून खातं. बऱ्याच सायलेन्सरांना तळाशी पाणी निघायला बारीक भोक ठेवलेलं असतं. ते गळतं म्हणून वेल्डिंगनं बुजवून घेणारे लोक असतात, बुजवू नका. आतल्या पत्र्याची एखादी भिंत सुटली तर रेस दिल्यावर सायलेन्सरमधून डबा हलवल्यासारखी खडखड येते. गाडी गार असताना मुठीनं हलकेच ठोकून पाहिलं की कळतं. तो सायलेन्सर बदलावाच लागतो. नळी एका जागी फुटली असेल आणि बाकीचा पत्रा शाबूत असेल तर वेल्डिंग चालतं. फ्लेक्सिबल जाळी फाटली असेल तर तेवढाच तुकडा कापून नवा जोडता येतो. टांगणीची रबरं तुटून नळी बॉडीला आपटत असेल, तर रबरं बदलली की काम झालं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ नळी टाकून देतो, पिकअप वाढेल, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. विषारी वायूंचं रूपांतर करणारा भाग तोच आहे. त्यात ध्वनी आणि प्रदूषणाची मर्यादा मोडून गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने जाण्याची तरतूद आहे.

सायलेन्सरच्या मार्गावर पातळ पत्र्याची झाकणं असतात, उष्णतेपासून बचाव करणारी. त्यांचा एखादा बोल्ट गंजून गळतो आणि ठरावीक फेऱ्यांवर, साधारण दीड-दोन हजारांच्या आसपास, पत्रा झणझणतो. आवाज इतका मोठा येतो की इंजिन गेलं असं वाटावं. उपाय स्वस्त आहे: नवा बोल्ट आणि वॉशर, नाहीतर स्टीलचा मोठा क्लिप आवळून बसवणं. आवाज थांबवायला पत्राच काढून टाकणं हा उपाय नाही. ऊसतोडीच्या दिवसांत गाड्या थेट फडाच्या कडेला, पाचटावर उभ्या राहतात. जोरात चालून आलेल्या गाडीचा कन्व्हर्टर शेकडो अंश तापलेला असतो आणि त्याच्यात आणि वाळलेल्या पाचटात तो पत्राच आड असतो. पत्रा असला तरी पाचटावर गाडी लावू नयेच.

बेल्टचा आवाज सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी सुरू करताना, एसी लावल्यावर किंवा एकदम रेस दिल्यावर चीं करून ओरडतो. बेल्टच्या आतल्या अंगावर स्प्रेच्या बाटलीनं थोडं पाणी मारा, हात आणि बाही लांब ठेवून. आवाज तेवढ्यापुरता गेला तर बेल्ट झिजलाय किंवा पुली किंचित वाकडी आहे. उलट वाढला तर बेल्ट सैल आहे. पाण्यानं काहीच फरक पडला नाही आणि आवाज घरघरता असेल तर टेन्शनर किंवा अल्टरनेटरचं बेअरिंग पाहावं. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक भागाला आणि मूठ कानाला लावून ऐकतात, ती रीत उत्तम आहे. मात्र फिरत्या बेल्टच्या जवळ सराव नसलेल्या माणसानं ती करू नये.

हवा आत घेणाऱ्या बाजूचा आवाज वेगळा, घुमणारा. एअर फिल्टरचं झाकण नीट बसलं नसेल किंवा उंदरांनी नळी कुरतडली असेल, तर रेस दिल्यावर इंजिन मोठा श्वास घेतल्यासारखं भोंभों करतं. शेडमध्ये, कडब्याशेजारी गाडी उभी राहत असेल तर हे पहिल्यांदा तपासा. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत इंटरकूलरची रबरी नळी चिरली की चढाला मोठा शूं आवाज, पिकअप गेलेला आणि मागून काळा धूर, अशी तिन्ही लक्षणं एकत्र येतात. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, त्यामुळे बारीक शीळ त्याला असतेच. ती शीळ वाढत जाऊन सायरनसारखी झाली आणि धूर निळा दिसायला लागला, तर टर्बोचं बेअरिंग चाललंय. पण टर्बो उतरवण्याआधी नळ्या आणि क्लिपा तपासल्या का, हे मिस्त्रीला विचारा. चिरलेली नळी आणि टर्बो यांच्या किमतीत फार मोठं अंतर आहे.

आता चढावरचा तो टकटक आवाज. पेट्रोल गाडी वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, चढाला दाबली की इंजिनातून बारीक गोट्या ओतल्यासारखं वाजतं. ठिणगी पडून जाळ पसरत असतानाच उरलेलं मिश्रण उष्णतेनं आणि दाबानं आपोआप पेटतं, त्याचा हा आवाज. रोजचं झालं तर पिस्टनचं नुकसान होतं. उपाय करताना आधी पायापासून सुरुवात करावी: गिअर एक खाली घ्या. पेट्रोल वाचेल म्हणून घाटात चौथ्यात कण्हत चढवण्याची सवय पुष्कळांना आहे, त्यात ना पेट्रोल वाचतं ना इंजिन. गिअर बदलूनही वाजत असेल तर पुढची टाकी दुसऱ्या पंपावर भरून पाहा. मग प्लग योग्य नंबरचे आहेत का, इंजिन जादा तापतंय का, आत कार्बन साचलाय का, आणि स्कॅनर लावून नॉक सेन्सरची काही तक्रार नोंदलेली आहे का, या क्रमानं जा. डिझेलमध्ये असाच कडक टकटक आवाज नोजलचा असू शकतो. आणि नोजलच्या बुडातली तांब्याची वॉशर गळत असेल तर रेसबरोबर चक्-चक् ऐकू येतं, त्याच्याभोवती डांबरासारखा काळा थर जमलेला दिसतो.

फाउंडेशन तुटलेलं असेल तर आवाजाआधी धक्का जाणवतो. क्लच सोडताना धड्, रेस सोडताना पुन्हा धड्, आणि आयडलवर स्टीअरिंग थरथरतं. बॉनेट उघडा, सोबत्याला ब्रेक आणि हँडब्रेक घट्ट ठेवून पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये क्लच किंचित सोडायला सांगा, आणि तुम्ही गाडीच्या बाजूला, समोर नाही, उभं राहून पाहा. इंजिन जरासं कलणं साहजिक आहे. उसळी मारून उठत असेल तर रबर गेलं. चालत्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहून घ्या. रस्त्यावर रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग त्या मानानं चढत नसेल, तर क्लच प्लेट घसरतेय.

गिअरबॉक्सचा आवाज ओळखायचा तो एकेका गिअरवरून. फक्त तिसऱ्यात गुंईं होतं आणि चौथ्यात नाही, तर त्या जोडीचे दात झिजलेत. सगळ्या गिअरांत होत असेल तर बेअरिंग किंवा तेल. रिव्हर्समध्ये मात्र बऱ्याच चांगल्या गाड्याही ओरडतात. पुढच्या गिअरांचे दात तिरपे कापलेले असतात, ते हळूहळू एकमेकांत शिरतात. रिव्हर्सचे अनेकदा सरळ असतात, पूर्ण दात एकदम आदळतो. दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या कारखान्यामुळे नगरात गिअर कापणारे हात पिढ्यांपासून आहेत. अशा कामगाराला विचारलंत तर दाताचा कोन जरा चुकला की आवाज कसा बदलतो, ते तो आणखी चांगलं सांगेल.

चाकाकडच्या आवाजांत पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्या, म्हणजे अल्टो, वॅगन आर, स्विफ्टसारख्या, आणि मागच्या चाकांवर ढकलणाऱ्या बोलेरो, सुमो, ओम्नीसारख्या गाड्या यांच्या वाटा वेगळ्या होतात. पहिल्या प्रकारात एक्सल पाहायचा. मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हळू रेस देत गोल फिरा, मग दुसऱ्या बाजूला. कट्-कट्-कट् असा मोजता येणारा आवाज आला तर बाहेरचा जॉइंट. डावीकडे वळताना वाजला तर बहुधा उजवा, उजवीकडे वळताना वाजला तर डावा. मग त्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून पाहा. रबरी बूट चिरलेला असेल, आणि आतलं काळपट ग्रीस रिमच्या आतल्या अंगाला, चाक फिरतं त्या दिशेनं एका गोलाकार पट्ट्यात शिंतडलेलं असेल. त्यावर रस्त्याची माती बसून त्याचा कुरकुरीत थर झालेला असतो. बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज सुरू झाला नसेल तर बूट आणि ग्रीस बदलून जॉइंट वाचतो. आवाज सुरू झाल्यावर तो वाचत नाही. ऊस वाहतुकीच्या दिवसांत काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर येतो आणि फाटक्या बुटातून आत गेला की जॉइंट थोड्याच दिवसांत संपतो. सरळ जातानाच, रेस दिली की स्टीअरिंगपेक्षा सीट जास्त हलते, तर आतल्या बाजूचा जॉइंट पाहावा.

मागच्या चाकांवरच्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि मधलं बेअरिंग. रेस देताना आणि सोडताना पायाखाली टण् वाजतं, ते क्रॉसचं. निघताना जमिनीतून घूं-घूं कंप येतो आणि वेग वाढला की कमी होतो, ते मधल्या बेअरिंगचं. ग्रीसिंगची निपल असेल तर वेळच्या वेळी ग्रीस भरणं हाच त्यावरचा खरा इलाज. मागच्या डिफरन्शियलचं रडणं रेस देताना वेगळं आणि सोडताना वेगळं येतं. तिथे आधी तेल किती आहे ते पाहा.

चाकाचं बेअरिंग हूं करतं, वेगाबरोबर वाढतं आणि रेस सोडली तरी जात नाही. लांब वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. डावीकडे वळताना हूं वाढलं तर उजव्या चाकावर संशय धरा. जॅक लावून चाक हातानं फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा, खराब बेअरिंगची खरखर बोटांना कळते. टायरला दात पडले असतील तर आवाज जवळजवळ सारखाच येतो, पण डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर गेलात की तो बदलतो. बेअरिंगचा बदलत नाही. टायरवर तळहात दोन्ही दिशांनी फिरवूनही ते दात लागतात. जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरायचं नाही, स्टँड आणि चाकांना दगड लावल्याशिवाय.

एक आवाज असा आहे, जो ऐकला की तपासणीही करायची नाही. इंजिनाच्या तळातून, जड हातोडीनं ठोकावं तसा ठक्-ठक्, रेसबरोबर आणि ओझ्याबरोबर वाढणारा. हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. तेलाचा लाल दिवा सोबत असेल तर शंकाच नको. "गॅरेजपर्यंत पोचेल" असं म्हणून चालवलेलं इंजिन पुष्कळदा गॅरेजपर्यंत पोचत नाही, रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. गाडी बाजूला घ्या, बंद करा, दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहा आणि ओढून न्या. ओढून नेण्याचं भाडं इंजिनाच्या कामापुढे काहीच नाही.

बाकीच्या आवाजांत घाई नको, पण टाळाटाळही नको. मॅनिफोल्डची गळती आणि वाजणारं चाकाचं बेअरिंग त्याच आठवड्यात दाखवा. वाजायला लागलेला एक्सल लांबच्या प्रवासाला नेऊ नका. झणझणणारा पत्रा आणि चींचीं करणारा बेल्ट सवडीनं चालेल. पण बेल्टला चिरा दिसत असतील तर नाही, कारण तो तुटला की अनेक गाड्यांत बॅटरी चार्ज होणं थांबतं आणि काही गाड्यांत पाण्याचा पंपही.

गॅरेजला जाताना हे कागदावर लिहून न्या: उभ्या गाडीत येतो की चालत्या, कितव्या गिअरला, किती वेगाला, थंड असताना की तापल्यावर, चढाला की सपाटीला, वळताना कुठल्या बाजूला, क्लच दाबल्यावर जातो की राहतो. मोबाईलवर आवाज धरून ठेवा, पण त्यावर फार विसंबू नका. मोबाईलचा माइक खालचे जड आवाज नीट पकडत नाही. त्यापेक्षा मिस्त्रीला शेजारी बसवून जिथे आवाज येतो त्या रस्त्यावर, त्या चढावर एक चक्कर मारा. चांगला मिस्त्री त्याला कधी नाही म्हणत नाही. आणि पार्ट बदलल्यावर जुना पार्ट मागून घ्या, त्याच्यावर काय झिजलंय ते त्याच्याकडून समजून घ्या, आणि पैसे देण्याआधी पुन्हा त्याच चढावरून गाडी चालवून पाहा.